इंग्रजी म्हणींचे काका

बहुतेक प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक गृहस्थ असे असतात, की त्यांना कोणत्याही आपत्तीवर इंग्रजी म्हण सुचते. वय साठीपुढचे, नोकरी बँकेत किंवा सरकारी कचेरीत झालेली आणि शिक्षण अशा शाळेत, जिथे इंग्रजीच्या पेपरात म्हणीवरचा कल्पनाविस्तार हमखास यायचा. पेपर कधीच संपला. विस्तार अजून चालू आहे.

काकांचा साठा पंधरा-वीस म्हणींचा असतो. त्यांची लाडकी म्हण 'अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन'. वेळेवर एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात, हा अर्थ. टॉमस फुलर यांच्या १७३२ च्या संग्रहात ती जवळपास याच रूपात सापडते. काका ती गच्चीचे प्लास्टर खाली आल्यावर सांगतात. आधी सांगितली असती तर गवंडी शोधायचे काम त्यांच्याच गळ्यात पडले असते.

'मेक हे व्हाइल द सन शाइन्स' म्हणजे संधी आहे तोवर काम उरकून घ्यावे. इंग्लंडात उन्हाचा भरवसा नाही आणि कापलेले गवत भिजले की कुजते. तिथल्या शेतकऱ्याला ही घाई करणे भागच होते. काकू मे महिन्यात सकाळी सातला पापड गच्चीवर नेतात. म्हण काका म्हणतात, खाटेवरून.

जॉन हेवुड यांच्या १५४६ च्या संग्रहातली 'रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे' ही म्हण मोठ्या कामाला वेळ लागतो असे सांगते. पुनर्विकास रखडलेल्या इमारतीत तिला मरण नाही. भाड्याचे चेक थकले, की सभासद बिल्डरचे नाव घेतात आणि काका रोमचे.

काकांचे खरे सामर्थ्य मात्र परस्परविरोधी म्हणींत आहे. पुनर्विकासाच्या करारावर सह्या करून सभासद अडकले, तर 'लुक बिफोर यू लीप', म्हणजे नीट पाहून उडी मारा. सह्या केल्या नाहीत आणि शेजारी टॉवर उभा राहिला, तर 'ही हू हेझिटेट्स इज लॉस्ट', म्हणजे कचरला तो संपला. गणपतीच्या महाप्रसादाची भाजी चिरायला बोलावले, की 'टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ': स्वयंपाकी फार झाले की रस्सा बिघडतो. स्वतःच्या मुलीचे लग्न निघाले, की 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क': हात वाढले की काम हलके होते. अशा रीतीने काका आजवर एकदाही चुकलेले नाहीत.

पैशाच्या बाबतीतही सोय आहे. 'अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इन्डीड', अडचणीत धावून येतो तोच खरा मित्र, हे ते स्वतःच्या अडचणीत ऐकवतात. दुसऱ्याची अडचण आली, की उसने देऊ नये आणि घेऊही नये, हा शेक्सपिअरचा उपदेश निघतो. 'हॅम्लेट' नाटकात हा उपदेश पोलोनियस नावाचा बडबड्या दरबारी आपल्या मुलाला करतो आणि पुढे पडद्याआड लपून दुसऱ्यांचे बोलणे ऐकताना मारला जातो. काकांना असा कोणताही धोका नाही. ते सोसायटीच्या कमिटीवर दर वेळी बिनविरोध निवडून येतात.