दौंड तालुक्यास एक मालिका मंजूर करणेबाबत

प्रति,
माननीय मालिका-निर्माते साहेब,
ऐतिहासिक व कौटुंबिक विभाग,
चित्रनगरी, गोरेगाव, मुंबई.

विषय : दौंड तालुक्यास दैनंदिन मालिका मंजूर करणेबाबत.
संदर्भ : शिरूरकडील मंडळींना यापूर्वी मिळालेल्या दोन मालिका.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी दौंड तालुक्यातला, भीमेच्या अलीकडचा एक मतदार आहे. पारगावचा पूल ओलांडला की पुढे न्हावरे आणि मग शिरूर. पूल काही फार लांब नाही, पण तो ओलांडला की लोकसभेचा मतदारसंघ बदलतो, खासदार बदलतो आणि आमचं दुखणं असं की वाहिनीही बदलते. पलीकडे ऐतिहासिक मालिका लागते, अलीकडे कौटुंबिक. उसाचं म्हणाल तर दोन्हीकडे तोच, उसातला बिबट्याही तोच आणि पाण्याच्या आवर्तनाची वाट बघणंही तेच. मग हा दुजाभाव कशासाठी?

शिरूरचं भाग्य बघा. लोकसभेचा हा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतला. त्याच वर्षी स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली आणि नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे घरोघरी पोचले. पुढे 2017 मध्ये झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आली. वडिलांची आणि मुलाची, दोघांचीही भूमिका एकाच नटाने केली. आता नकाशा उघडा. मतदारसंघाच्या वरच्या टोकाला जुन्नरचा शिवनेरी आणि खालच्या अंगाला शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक. थोरल्या महाराजांचं जन्मस्थान आणि शंभूराजांची समाधी, दोन्ही एकाच खासदाराच्या हद्दीत. हद्दी आखणाऱ्या साहेबांनी सोबत एखादा पटकथाकार बसवला होता की काय, अशी शंका येते.

2019 च्या एप्रिलमध्ये शिरूरला मतदान झालं, तेव्हा दुसरी मालिका चालूच होती. दिवसा दारात हात जोडून उभा असलेला उमेदवार रात्री घरातल्या पडद्यावर जिरेटोप घालून यायचा. समोर होते तीन वेळा खासदार झालेले आढळराव पाटील. त्यांचं पाळण्यातलं नाव शिवाजीराव. पण नाव मोठं की भूमिका मोठी, हा सवाल मतदारांपुढे आला आणि भूमिका 58 हजारांहून अधिक मतांनी निवडून आली.

निर्मातेसाहेब, तुमच्या सेटवर म्हणे एक माणूस फक्त कंटिन्युइटी बघायला असतो. आधीच्या शॉटमध्ये घड्याळ डाव्या मनगटावर असेल तर पुढच्या शॉटमध्ये ते डाव्याच मनगटावर राहिलं पाहिजे, एवढं त्याचं काम. तो माणूस आमच्याकडे पाठवा. कोल्हे आधी शिवसेनेत होते. 2019 मध्ये ते घड्याळावर लढले आणि आढळराव धनुष्यबाणावर. 2024 मध्ये तेच घड्याळ आढळरावांच्या हाती दिसलं आणि कोल्ह्यांच्या मागे तुतारी वाजवणारा माणूस उभा राहिला. प्रॉपर्टीवाल्याने दोन पेट्यांची अदलाबदल केली की पटकथाच बदलली, ते प्रेक्षकांना कुणी सांगितलं नाही. प्रेक्षकांनीही विचारलं नाही. तुतारी तर ऐतिहासिक सेटवर शोभणारीच वस्तू. या वेळी फरक 1 लाख 40 हजारांच्या वर गेला.

यावर तुम्ही म्हणाल, दौंडकरांनाही मिळाली की मालिका. मिळाली, नाही म्हणत नाही. आम्ही बारामती लोकसभेतले. 2024 मध्ये आमच्याकडे सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, म्हणजे साक्षात नणंद आणि भावजय, समोरासमोर उभ्या राहिल्या. देशभरचे कॅमेरे आले. नणंदबाई दीड लाखाहून अधिक मतांनी जिंकल्या. पण साहेब, सगळं नाट्य बारामतीच्या वाड्यात घडलं. आमच्या वाट्याला मांडवातल्या पाहुण्यांचं काम आलं: अक्षता हातात धरायच्या आणि कोणत्या बाजूला बसायचं याचा घोर करायचा. दौंड जंक्शनवर एक साधा निरोपाचा प्रसंगसुद्धा नाही! राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट दौंडात आहेत, फौज दाखवायला बाहेरून माणसं आणायची गरज नाही. घोड्यांचं विचाराल तर भीमथडी ही घोड्याची जातच आमच्या नदीच्या नावाची. एवढी सामग्री आयती असताना आम्ही पाहुणेच राहायचं?

आमची मागणी जगावेगळी नाही. 1987 मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. 1991 मध्ये त्यातली सीता बडोद्यातून लोकसभेत गेली आणि त्याच निवडणुकीत, त्याच पक्षातून, रावणही साबरकांठ्यातून गेला. लंकेत जे जमलं नाही ते दिल्लीत जमलं, दोघे एकाच बाकावर बसले. ‘महाभारता’तले कृष्ण, आपले नीतीश भारद्वाज, 1996 मध्ये जमशेदपुरातून निवडून आले. राम तेवढे थांबले आणि 2024 मध्ये मेरठहून गेले. इतका मोठा वनवास तर मूळ कथेतही नव्हता.

आता अर्जातला नाजूक मुद्दा. कोल्ह्यांनी 2017 मध्ये एका चित्रपटात नथुराम गोडशाची भूमिका केली होती. तो 2022 च्या जानेवारीत बाहेर आला आणि गहजब झाला. ते म्हणाले, ती नटाने केलेली भूमिका होती, तो विचार माझा नव्हे. बोलणं रास्तच होतं. तरी त्यांना आळंदीला जाऊन इंद्रायणीकाठी आत्मक्लेश करावा लागला. मला यात दोष द्यायचाय तो आम्हा प्रेक्षकांना. जिरेटोप घातलेला माणूस नट आहे, हे आम्ही खुशीने विसरलो. मग दुसऱ्या वेषातही तो नटच आहे, हे आम्हाला एकाएकी कुठून आठवणार? विसरलो त्याची मतं झाली, आठवलं नाही त्याचा आत्मक्लेश झाला.

आमचे आजे-पणजे इतके भोळे नव्हते. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांच्या दिवसांत तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. आमच्या अंगणात चौफुल्याला कला केंद्रं आहेत. वगातला राजा या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. भरजरी अंगरखा, कमरेला तलवार, आवाज असा की लांबची वस्ती जागी व्हावी. उजाडलं की तोच राजा तंबूच्या खुंट्या उपटायचा आणि ट्रंक ट्रकमध्ये टाकून पुढच्या जत्रेला निघायचा. त्याला कुणी बंधारा मागितला नाही.

आणि त्या राजाशेजारी सोंगाड्या असायचा. राजाने हुकूम सोडला की सोंगाड्या विचारणार, “सरकार, तिजोरीत दमडी हाय का?” राजाला टाळी पडायची, सोंगाड्याला हशा आणि दोन्ही मिळून एक वग व्हायचा. तुम्ही राजा घेतलात आणि सोंगाड्या गाळलात. तुमच्या मालिकेतही राजाच्या बोलण्यावर शंका घेणारा माणूस असतो, नाही असं नाही. पण तो फितूर निघतो. त्याच्या एन्ट्रीला वेगळं संगीत वाजतं, डोळ्यांखाली काजळ जास्त असतं आणि पुढच्या भागात त्याचं काय होणार ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रोज रात्री हे बघून आम्ही एवढंच शिकलो, की प्रश्न विचारणारा तो फितूर. हा धडा सभेत फार उपयोगी पडतो, फक्त व्यासपीठावरच्यांना.

एरवी विचारायला प्रश्न कमी आहेत का? पाटसचा भीमा कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि मग चालवायला दुसऱ्याकडे गेला. पलीकडे न्हावऱ्याच्या घोडगंगेचाही बॉयलर मध्यंतरी थंड पडला. एकीकडे ऐतिहासिक, दुसरीकडे कौटुंबिक, पण दोन्ही चिमण्यांचा धूर एकाच दशकात थांबला. या विषयावर महाएपिसोड नाही. निकालाच्या रात्री गुलाल पडतो आणि कथानक पाच वर्षांचा लीप घेतं.

म्हणून मी मालिकेचा विषयही सोबत देत आहे. विषय इथलाच आहे, दोन्ही तीरांचा आहे. 1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने दाढी करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत. 12 मे 1875 रोजी सुप्याला उद्रेक झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते आमच्या भीमथडीत होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला चढलेला भाव 1865 नंतर उतरला होता, सरकारने साऱ्याचे दर मात्र चढवले होते. आमच्या पूर्वजांनी सावकाराच्या घरातले कर्जरोखे बाहेर काढले आणि जाळले. सावकाराने गुपचूप कागद हवाली केले, तर सहसा त्याला हात लावला नाही. इंग्रज सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

तुमची अडचण मला कळते. यात लीड कोण? क्लोजअप कुणाचा घ्यायचा? पोस्टरवर कुणाला घोड्यावर बसवायचं? इथे घोंगडं पांघरलेली, नावं न उरलेली शेकडो माणसं आहेत आणि तेवढ्यांमुळे सरकार हललं. सावकाराचा चेहरा कसा आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं, त्याच्या पेटीतल्या कागदावर काय लिहिलंय याच्याशी होतं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तरी कागद महत्त्वाचा हे त्यांना कळलं. आम्ही शिकलेले. आम्ही कागद बाजूला ठेवून चेहरा बघतो, आणि चेहरा ओळखीचा निघाला की बटण दाबतो. टीआरपी येणार नाही, हे मान्य. पण निदान दौंड आणि शिरूरला एकच वाहिनी लागेल.

तरी आचारसंहिता लागण्यापूर्वी मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला,
एक मतदार,
भीमाकाठ, दौंड तालुका.

सोबत :
1. चित्रीकरणाच्या जागेसाठी स्वतःच्या शेताचा सातबारा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे, त्या रकान्याचा क्लोजअप टाळू नये.
2. मतदार ओळखपत्राची प्रत. त्यातला चेहरा माझा आहे असं घरचे सांगतात. मेकअपनंतर कुणाचाही होऊ शकेल.
3. सोंगाड्याच्या भूमिकेसाठी माझा स्वतंत्र अर्ज. मानधनाची अपेक्षा नाही. संवाद मी स्वतः लिहीन, सगळे प्रश्नार्थकच असतील. अट एकच, श्रेयनामावलीत माझ्या नावापुढे ‘फितूर’ असं छापू नये.