संपाचा मुहूर्त

औद्योगिक संबंध संहिता, २०२० अखेर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि संपाचा हक्क गेला म्हणून कामगार संघटना गळा काढू लागल्या. संहिता वाचली तर कळेल की संपाला मुळीच बंदी नाही. फक्त मुहूर्त पाहावा लागतो, आणि पंचांग सरकारी आहे. पूर्वी आगाऊ नोटिशीची सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती. आता खिळे पाडणाऱ्या कारखान्यातही १४ दिवसांची नोटीस हवी. ते १४ दिवस संप नाही, ६० दिवस उलटले की नोटीस शिळी. मधे समेट अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की बोलणी सुरू, आणि बोलणी सुरू असताना संप बेकायदा. बोलणी फिसकटली तरी आणखी ७ दिवस थांबायचं. कामगारांची डोकी थंड व्हावीत हा उदात्त हेतू असणार. पण तेवढ्यात कंपनीचा वकील न्यायाधिकरणात अर्ज टाकू शकतो, कारण आता कोणत्याही पक्षाला तिथे थेट जाता येतं. मग निकालापर्यंत संप नाही, निकालानंतर ६० दिवस नाही, आणि निवाडा अमलात असेतो त्यातल्या विषयांवरही नाही. उरलेल्या दिवशी खुशाल करा!

सामूहिक किरकोळ रजेची पळवाटही बुजवली आहे. ठरवून एकाच दिवशी निम्म्या कामगारांनी रजा टाकली की तो संप. शंभरांच्या कारखान्यात ४९ अर्ज म्हणजे रजा; पन्नासावा आला की सगळेच संपकरी. आता कुणी म्हणेल, टाळेबंदी करणाऱ्या मालकालाही हीच बंधनं आहेत, उलट त्याचा दंड ५० हजारांपासून सुरू होतो, कामगाराचा हजारापासून. खरं आहे. पण ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला टाळेबंदीची गरजच काय? नोटीस आणि भरपाई दिली की सरकारी परवानगीशिवाय कारखाना कायमचा बंद करता येतो. कामगाराकडे असा दुसरा दरवाजा नाही.

संपांनीच गिरण्या बुडवल्या, हा आक्षेप तर मुंबईत हमखास येतो. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामगार नेते दत्ता सामंतांमागे बाहेर पडले, तो संपही बेकायदाच होता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा मक्ता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे दिला होता आणि कामगारांना तो संघ नको होता. गिरण्या बुडायला जुनी यंत्रं, यंत्रमाग आणि जमिनीचे भाव अशी आणखीही कारणं होती, पण ती तूर्त राहू द्या. मुद्दा इतकाच की बंदीने संप टळला नाही. ज्याच्याशी कायद्याने बोलायचं तो कामगारांचा नव्हता आणि जो कामगारांचा होता त्याच्याशी बोलायची कायद्याने गरज नव्हती. त्यामुळे तडजोड कुणी करायची हेच ठरेना. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही.