पाचला घरी जाणारे गुरुजी

गुरुजींच्या शोकसभेत वक्त्यांची मोठी पंचाईत झाली. मास्तरांच्या शोकसभेला आपल्याकडे एक मळलेली वाट आहे. दिवंगत गुरुजींनी घरादाराकडे कधी पाहिलं नाही, पगार पोरांच्या वह्यापुस्तकांत घातला, स्वतःची मुलं कोणत्या वर्गात आहेत हेही त्यांना ठाऊक नसे, वगैरे. या वाटेनं डोळे मिटून चालत गेलं तरी माणूस दोन मिनिटांच्या मौनापर्यंत सुखरूप पोचतो. आमच्या गुरुजींच्या बाबतीत पहिल्याच पावलाला ठेच लागली, कारण गुरुजी घराकडे फार पाहत. याला सगळं गाव साक्षी होतं. पाचला शाळेची घंटा होई आणि पाठोपाठ सायकलची. दोहोंच्या मध्ये चप्पल पायात सरकवण्यापुरताच वेळ जाई.

एक वक्ता ‘त्यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवून…’ इथपर्यंत गेला, पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरीणबाईंकडे, म्हणजे गुरुजींच्या बायकोकडे, त्याची नजर गेली आणि तो खोकू लागला.

दोष साने गुरुजींचा नाही, पण या मळलेल्या वाटेची सुरुवात तिथून झाली असावी असा माझा संशय आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 ते 1930 अशी जेमतेम सहा वर्षं शिक्षक होते. लग्न केलं नाही. वसतिगृहातल्या मुलांची आजारपणं काढली, त्यांचे कपडे धुतले. त्या सहा वर्षांनी महाराष्ट्रातल्या पुढच्या सगळ्या मास्तरांना कायमचं अडचणीत टाकून ठेवलं. लग्न झालेला, सोसायटीचा हप्ता भरणारा, बायकोला डबलसीट बसवून आठवडी बाजाराला नेणारा मास्तर मोजायचं मापच आपल्याकडे तयार झालं नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, लाखनी आणि साकोलीच्या मधलं, महामार्गापासून आत. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मध्ये बोडी, पलीकडे मोठा तलाव. वर्गात गुरुजी ‘तळं’ म्हणायला शिकवत. पाचनंतर त्यांच्याच तोंडून ‘तरा’ ऐकू येई. जिल्हा परिषदेच्या त्या कौलारू शाळेत गुरुजींनी नोकरीचा बहुतेक काळ काढला. शिकवण्यात ते असामान्य होते असं काही मला म्हणवत नाही. इतिहास ते भरधाव शिकवत. पानिपताची लढाई मधल्या सुट्टीच्या आत उरकून टाकत, कारण दुपारून त्यांना कुणी मेलेलं आवडत नसे. पाढे मात्र पक्के करून घेत.

पाढ्यांवरून वेणीची गोष्ट आठवली. 1977 च्या डिसेंबरात राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा मोठा संप झाला, तो 54 दिवस चालला. पगार बंद, शाळा बंद. बाकीचे मास्तर लाखनीला सभांना जात, गुरुजीही एकदोनदा जाऊन आले. उरलेला संप त्यांनी आपल्या धाकट्या मुलीचे केस विंचरण्यात घालवला. संप मिटेस्तोवर त्यांचा हात असा बसला, की पुढं आषाढ-श्रावणात त्याचा सगळ्या शाळेला उपयोग झाला. त्या दिवसांत रोवणा, म्हणजे धानाची लावणी असते. घरोघरच्या बाया उजाडायच्या आत परे खणायला बांधीत गेलेल्या असतात, आणि पोरी झिंज्या सोडून शाळेत येतात. गुरुजी फळ्याखाली बाकडं टाकून बसत, पोरगी पुढ्यात, तोंडानं तीनचा पाढा, हातानं तीन पेड. तीन दाहे तीस म्हणेस्तोवर रिबन बांधून व्हायची. लांब केसांच्या पोरींना एकोणतीसपर्यंतचे पाढे लवकर आले, असं आमच्या वर्गात बोललं जाई.

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जादा वर्ग घ्यावेत म्हणून पालकांचा लकडा असे. संध्याकाळी थांबायला गुरुजी तयार नसत. ‘सांज माझी नाही, तिची आहे,’ असं ते सरपंचांनाही तोंडावर सांगत. मग तो वर्ग पहाटे त्यांच्या ओसरीत भरू लागला. हिवाळ्यात मास्तरीणबाई आमच्यापुढं पोपटाच्या शेंगांची टोपली आणून ठेवत. आम्ही शेंगा सोलत सोलत अपूर्णांक शिकलो. तीन दाण्यांच्या शेंगेतले दोन किडके निघाले तर किती उरले, हे पुस्तकापेक्षा लवकर कळतं. आज असं काही झालं तर एखादा पालक मोबाइलवर चित्रण करून तक्रार करील, आणि खरं सांगायचं तर त्याचंही फारसं चुकणार नाही. टोपली मोठी असायची.

पण गुरुजींचं खरं काम व्हरांड्यातल्या भिंतीवर होतं. तिसरीच्या भूगोलाला जिल्हा असतो. म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं तेलरंगात भंडारा जिल्ह्याचा नकाशा काढला होता. मधून वैनगंगा, वर तुमसरच्या बाजूला चिखल्याचं मँगनीज, भंडाऱ्याला पितळेचा गुंड, खाली पवनी. उजवीकडं गोंदियाचं जंक्शन, नवेगाव बांधाचा निळा ठिपका आणि नागझिऱ्याचा वाघ. तो वाघ दूध पिऊन झालेल्या मांजरासारखा दिसे. अर्जुनी-मोरगावच्या बाजूला आणखी एक बारीक लाल ठिपका होता, त्याला नाव नव्हतं. ते मास्तरीणबाईंचं माहेर. त्या मापाच्या नकाशात असली गावं दाखवत नाहीत, हे गुरुजींना कळत होतं. तरी चाचणीत कोरा नकाशा मिळाला की आम्ही मुख्य पिकं, नद्या आणि गुरुजींची सासुरवाडी एवढं भरून देत असू. सासुरवाडी चुकल्याबद्दल कुणाचा गुण कापल्याचं आठवत नाही, पण ती कधी कुणाची चुकलीच नाही.

1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. भंडाऱ्याचे सात तालुके राहिले. वाघ गेला, बांध गेला, जंक्शन गेलं. शिक्षकांना बदलीची भीती असते, इथं जिल्ह्याचीच बदली झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नकाशा दुरुस्त करणं भाग होतं. गुरुजी चुन्याचा डबा आणि कुंचला घेऊन भिंतीपुढं उभे राहिले आणि वाघापर्यंत येऊन थांबले. शेवटी त्यांनी नव्या सीमेवर एक ठसठशीत काळी रेघ ओढली आणि पलीकडचं सगळं तसंच ठेवलं. पुढं केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले. त्यांनी नकाशा पाहिला आणि विचारलं, ‘गुरुजी, हा भाग आता आपल्यात येत नाही ना?’

‘नाही येत, साहेब.’

‘मग पुसला का नाही?’

‘शासनानं जिल्हा तोडला, साहेब. सोयरीक नाही तोडली.’

केंद्रप्रमुखांची बायकोही रेघेपलीकडच्या सालेकशाकडची निघाली. शेरेबुकात नकाशाबद्दल एक अक्षर लिहिलं गेलं नाही.

सरकारी कागदांशी गुरुजींचं वाकडं नव्हतं, त्यांनी सगळे भरले. मतदारयाद्या, पल्स पोलिओ, साक्षरतेच्या पाहण्या. 1991 च्या जनगणनेत त्यांचं स्वतःचं घर त्यांच्याच वाट्याच्या गटात आलं. घरातले लोक ज्याला प्रमुख मानतात तोच कुटुंबप्रमुख, असं प्रगणकाच्या सूचनेत असतं. गुरुजींनी बाहेरून कडी वाजवली, आत येऊन खुर्चीवर बसले आणि मास्तरीणबाईंना रीतसर विचारलं, ‘कुटुंबप्रमुख कोण?’ त्या भाकरी थापत होत्या. ‘कोन म्हंजे? मीच,’ त्या म्हणाल्या. गुरुजींनी ते लिहून घेतलं आणि स्वतःला ‘पती’ म्हणून दुसऱ्या ओळीत टाकलं.

आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी मात्र त्यांनी प्रस्ताव कधी पाठवला नाही. पुरस्कार मिळावा म्हणून स्वतःच्याच थोरवीची फाइल बांधून वर पाठवायची, हा आपल्याकडचा प्रकार मला आजही गमतीचा वाटतो. एका सहकाऱ्यानं आग्रह केला तेव्हा गुरुजींनी नमुना मागवून वाचला. ‘शाळाबाह्य कार्य’ या रकान्यात कोहळ्याच्या वड्या घालणं चालेल का, असं विचारून त्यांनी तो परत केला.

शाळाबाह्य म्हणावं असं त्यांचं काम एकच होतं, ते म्हणजे मंडईचं नाटक. भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, लेकीबाळी माहेरी येतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. आमच्या या झाडीपट्टीत जन्मलेल्या माणसाला तोंडाला रंग न लावता मरणं कठीण. गुरुजींचा आवाज खणखणीत, त्यामुळे नायकाचं काम त्यांच्याकडं दरवर्षी चालून येई. पण नायकाला तालमीसाठी महिनाभर रात्रीचं बाहेर राहावं लागतं. म्हणून त्यांनी प्रॉम्प्टर होणं पत्करलं. पुस्तक आणि कंदील घेऊन विंगेत बसायचं, शेजारी सतरंजीवर मास्तरीणबाई, ट्रंकेवर मुलं झोपलेली. एवढ्या मोठ्या आवाजाचा प्रॉम्प्टर पंचक्रोशीत दुसरा नव्हता. प्रत्येक संवाद आधी विंगेतून यायचा, मग रंगमंचावरून. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची त्यामुळे सोय होई, आणि नायक विसरला तरी नाटक अडत नसे. कौटुंबिक नाटकात मात्र एक घोटाळा व्हायचा. नायक रागानं घर सोडून निघाला, की ती ओळ सांगताना गुरुजींचा आवाज एकदम खाली जाई. मग नायकाला काहीच ऐकू येत नसे आणि तो दारातच घुटमळत उभा राहायचा.

निवृत्तीनंतर वेळापत्रक बदललं ते एवढंच, की पाचला यायचे ते दिवसभर घरीच असायचे. मास्तरीणबाईंना याचा थोडा जाच झाला, असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं. भाजी चिरताना ते तुकडे सारखे झालेत का ते पाहत.

त्यांचा मुलगा पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. घरी पोचायला त्याला रात्रीचे दहा वाजतात, मुलगी तोवर झोपलेली असते. तेरवी झाल्यावर आम्ही दोघंतिघं ओसरीत बसलो होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं आईला विचारलं, ‘आई, इतकी कामं असायची त्यांच्या मागं. बाबा रोज पाचला घरी यायचे तरी कसे?’

मास्तरीणबाई तांदूळ पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, ‘सायकलनं.’