डीप फ्रीझरची निवड : उपनगरी शिकाऱ्यांसाठी मार्गदर्शन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड अथवा घाटकोपर येथे राहणाऱ्या आणि घरात शिकारीचे मांस साठवू इच्छिणाऱ्या गृहस्थाने सर्वप्रथम आपल्याकडे शिकार आहे काय, हे पाहावे. परदेशी माहितीपत्रके हा प्रश्न विचारतच नाहीत. तिथे एक हरीण पाडले की मटण किती किलो निघते आणि त्याला किती लिटरची पेटी लागते, इथून हिशेब सुरू होतो. आपल्याकडे तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ पासून सुरू होतो. कलम ९ ने शिकारीला बंदी घातली. कलम ३९ त्याहून खमके आहे : मारलेला वन्यप्राणी आणि त्याचे मांससुद्धा सरकारची मालमत्ता. म्हणजे आपल्या फ्रीझरात रानडुकराची तंगडी असली, तर ती आपली नव्हेच. आपण पदरचे वीजबिल भरून सरकारी माल थंड ठेवत होतो. या सेवेबद्दल सरकार आभार मानत नाही, आत टाकते.

उपनगरांत शिकार होत नाही असे मात्र नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत ती रोज होते. करणारा बिबट्या. त्याला परवाना लागत नाही. भटकी कुत्रीही त्याला चालतात, आणि उरलेला ऐवज तो झुडपात ओढून ठेवून दुसऱ्या रात्री संपवतो. विजेविना साठवणीचा हा अस्सल स्थानिक नमुना आहे, पण सोसायटीच्या उपविधींत बसत नाही.

मुंबईकराच्या हातून झालेली सर्वांत नावाजलेली शिकार म्हणाल तर एक चिमणी. १९०८ साली शाळकरी सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने ती पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही खायला चालते की नाही अशी शंका आली, म्हणून पोराने ती मामा अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे धाडले. चिमणी पातेल्याऐवजी पक्षिशास्त्रात गेली. त्या दिवशी घरात फ्रीझर असता, तर ती ‘नंतर बघू’ म्हणून आत सरकवली गेली असती आणि देश एका पक्षितज्ज्ञाला मुकला असता. हा धोका खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावा.

मग कुणी न पाळलेले, कुणी दाणापाणी न घातलेले, तरी कायद्याने खाता येते असे उरते काय? समुद्र. पापलेटला कुणी चारा घातलेला नसतो. सुरमई कुणाच्या गोठ्यात वाढत नाही. उपनगरी माणसाच्या हाती लागणारी खरी रानटी शिकार वेसाव्याच्या कोळणीच्या पाटीत असते, आणि तिची साठवण आपल्या आज्यांना कायद्याच्या फार आधीपासून ठाऊक होती. आगोट जवळ आली की सुके बोंबील, सोडे, जवळा, खारे बांगडे डब्यांत जात. मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात मे महिन्यात आजही झुंबड असते. डीप फ्रीझर हा त्या डब्यांचा विजेवर चालणारा धाकटा भाऊ. फक्त मिजास मोठी.

ही साठवण लागते, कारण १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. ‘दोन महिने खायचे काय?’ या प्रश्नातून माणूस फ्रीझरच्या दुकानात शिरतो. तिथला पोरगा विचारतो, “घरात किती मेंबर, सर?” चार म्हटले की म्हणतो, “मग दोनशे लिटर घ्या. पुढेमागे पाव्हणेरावळे येतात.” येथे थांबावे, घरी यावे आणि लिटर मोजण्यापूर्वी कालनिर्णय उघडावे.

उदाहरणादाखल २०२५ साल घेऊ. बंदी लागली त्या १ जूनला रविवार होता. श्रावण लागला २५ जुलैला. मधले दिवस ५४. त्यांतले सोमवार शंकराचे, मंगळवार गणपतीचे, गुरुवार दत्तगुरूंचे, शनिवार मारुतीचे. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. ते भरतात २३. पैकी ६ जुलैचा रविवार आषाढी एकादशीने खाल्ला. राहिले २२. दीप अमावास्या, जिला भाविक लोक गटारी म्हणतात, ती त्या वर्षी नेमकी गुरुवारी आली. सुज्ञांनी बुधवारीच उरकून घेतले. चौघांच्या घरात एका जेवणाला अर्धा किलो धरा. अकरा किलो झाले. साफ करून नीट रचलेल्या मासळीला किलोमागे साधारण दोन लिटर जागा लागते. म्हणजे बावीस लिटर. आणि आपल्या दोन दारी फ्रिजचा वरचा कप्पाच पन्नासेक लिटरचा असतो.

पण तो रिकामा नसतो, आणि सगळी गोम इथे आहे. जानेवारीत स्वस्त झाले म्हणून सोललेले मटार त्यात असतात. आमरसाचे डबे असतात. खवलेले खोबरे असते. एका पिशवीत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही, पण ती टाकायची नाही यावर घरात एकमत असते. मासळीला जागा हवी म्हणून मटार हलवायला जावे, तर आतून आवाज येतो, “हात लावू नकोस, ते गणपतीचं खोबरं आहे!” तेव्हा वेगळा फ्रीझर घ्यावा हे योग्यच. फक्त तो मांसासाठी घेतला असे कुणाला सांगू नये. वर्षभराने त्यात मटारच असतील.

पेटीचे प्रकार दोन : उभी आणि आडवी. उभीचे दार उघडले की थंड हवा पायावर सांडते, कारण थंड हवा जड. आडवीचे झाकण वर उचलले तरी ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशीच राहते. शिवाय उभ्या पेट्या बहुधा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या असतात. त्यासाठी त्या अधूनमधून आतल्या नळ्या गरम करतात, आणि नीट न बांधलेले मटण हळूहळू वाळून त्यावर पांढरट चट्टे पडतात. महिनोन्‌महिने ठेवायचे असेल तर आडवीच बरी. तिच्यात मात्र बर्फाचे थर हातानेच काढावे लागतात, आणि पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी ओली की झाकण उघडून ‘आज काय करू या?’ असा विचार करत उभे राहिले, तर विचार संपेपर्यंत कडेला भुरभुर धरू लागते. विचार आधी करावा. झाकण मग उघडावे.

काचेच्या झाकणाची पेटी घेऊ नये. ती आइस्क्रीमच्या दुकानासाठी असते. काचेतून थंडावा जातो आणि शेजाऱ्याची नजर आत येते. मुलुंड-घाटकोपरला दुसरी बाब अधिक महत्त्वाची. एप्रिल २०२५ मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत मराठी कुटुंबाच्या मांसमच्छीवरून वाद इतका पेटला की राजकीय कार्यकर्ते इमारतीत दाखल झाले. खरे तर गोठलेल्या माशाला वासच येत नाही. या मुद्द्यावर फ्रीझर हे सामाजिक सलोख्याचे यंत्र ठरावे. पण मासा कधीतरी तळावा लागतो.

आता मापे घ्यावीत, आणि ती लांबी-रुंदीची नव्हेत. शंभर लिटरची आडवी पेटी दोन-सव्वादोन फूट जागेत बसते. वन बीएचकेत तेवढी जागा शिलाई मशीन हलवून निघते. उंची मात्र झाकण उघडल्यानंतरची मोजावी. आपल्या स्वयंपाकघरांत वर माळा, माळ्याखाली फळी, फळीखाली ताटाळे. पेटी ऐटीत येते, कोपऱ्यात बसते, प्लग लागतो, हिरवा दिवा पेटतो, आणि झाकण वीतभर उघडून ताटाळ्याला थडकते. त्या फटीतून पापलेट आत टाकता येते. बाहेर काढताना मनगट अडकते. दुकानातला पोरगा हे सांगत नाही, कारण दुकानात माळा नसतो. झाकणावर डबे ठेवता येतील ही आशाही सोडून द्यावी. डबे ठेवले जातातच, आणि मग बुधवारी रात्री आठ वाजता सगळे घर डबे उतरवत असते.

आत काय घालावे? सुरमईच्या तुकड्या, हलवा, पापलेट निर्धास्त घालावे. कोळंबी सोलून डब्यात पाण्याखाली गोठवावी, म्हणजे वाळत नाही. बांगडा-तारली तेलकट, उणे अठरा अंशांतही तेल हळूहळू खवट होते, म्हणून आधी तीच संपवावी. ओले बोंबील घालू नयेत. बोंबील म्हणजे बहुतांशी पाणी. बर्फाच्या स्फटिकांनी उरलासुरला सांगाडाही ढिला पडतो आणि वितळल्यावर हाती येते ती पेज. बोंबलाला ऊनच द्यावे. वेसाव्याच्या वाळवणीच्या बांबूंना हे फ्रीझर निघायच्या आधीपासून कळलेले आहे.

चार घरांनी मिळून अख्खा बकरा घेऊन वाटे घालायची गावची रीत उपनगरातही चालते. बकऱ्यामागे दहा-बारा किलो मटण पडते, घराला तीनेक किलो. ते एकाच पिशवीत ठेवू नये. मग गोठलेला दगड होतो आणि पाहुणे दिवाणखान्यात बसलेले असताना तो वरवंट्याने फोडावा लागतो. जेवणापुरत्या पिशव्या, चपट्या करून, वर तारीख. सगळा माल एका संध्याकाळी कोंबू नये. पेटी दमते, मांस सावकाश गोठते, बर्फाचे खडे मोठे होतात, आणि शिजवायच्या दिवशी रस मोरीत जातो.

विजेबाबत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानीची वीज, मुलुंडला महावितरणची. जुनी माणसे अजून ‘बीएसईएसचं बिल’ म्हणतात. भरलेली पेटी न उघडल्यास दोन दिवस तग धरते, अर्धी भरलेली एक दिवस. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवाव्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड कोसळून अख्खी मुंबई बंद पडली. अशा वेळी पेटीचे झाकण उघडून ‘वितळलं का?’ हे पाहणाराच ते वितळवतो. तळमजल्यावाल्यांनी पेटी विटांच्या चौथऱ्यावर चढवावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि हवाबंद पेटी पाण्यावर तरंगते हे ज्ञान कुणालाही स्वतःच्या घरात मिळू नये.

शेवटी कुलूप. आडव्या पेट्यांना बहुधा कुलूप-किल्ली असते आणि माहितीपत्रकात तिचे कारण दिलेले नसते. कारण श्रावण आहे. १ ऑगस्टला बोटी सुटतात, पाट्या भरतात, भाव उतरू लागतात, आणि ऐन त्याच वेळी घरात काही शिजत नाही. खायचे नसले तरी घ्यायला काय हरकत, असा विचार करणाऱ्यांसाठी ही शीतपेटी म्हणजे मोठीच सोय. सासूबाई विचारतात, “श्रावणात घरात ते ठेवणार?” उत्तर असे द्यावे : “गोठलंय हो, आई. आता ते नुसतं सामान आहे.” त्या किल्ली मागून घेतात आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवतात. पुढे गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. किल्ली दसऱ्यापर्यंत सहसा खणाबाहेर येत नाही, म्हणून पिशवीवरची तारीख ठळक लिहावी.

पेटी घरी आणण्यास कामाच्या दिवसाची दुपार निवडावी. सेक्रेटरी ऑफिसात असतात आणि वॉचमन जेवत असतो. खोके फेकू नये. त्यावर बहुधा आइस्क्रीमचे आणि मटारच्या दाण्यांचे चित्र असते. ते चित्राची बाजू बाहेर करून महिनाभर जिन्यात ठेवावे.