डोकेबाज

पडद्यावर माणसांची डोकी घडवणाऱ्या पंथाचा माणूस ओळखायला सोपा. आपण त्याच्याशी बोलत असतो, पण तो आपल्या डोळ्यांत बघत नाही. तो गालाच्या हाडाकडे बघतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन ताटकळतो आणि हा त्याच्या जबड्याचा कोन ठरवत बसतो. एकदा तर वधूपित्याच्या मागे उभं राहून त्याने त्यांच्या डोक्याची मागची बाजू इतकी निरखली, की त्या गृहस्थांनी शेवटी टोपी मागवली.

आमच्या इमारतीत असा एक आहे. पोरं त्याला डोकेकर म्हणतात, आपणही तेच म्हणू. तिशीच्या आतबाहेरचं वय, बरी नोकरी, आणि रात्री जेवणं उरकली की मांडीवर काळी पाटी. पाटी म्हणजे पेन टॅब्लेट. तिच्यावर लेखणी दाबून फिरवली की पडद्यावर मातीचा जाड थर चढतो, हलकी फिरवली की जेमतेम बोटभर. खरी माती कुठेच नाही. नखांत शाडू नाही, फरशीवर चिखल नाही, आईची कटकट नाही. म्हणजे कटकट आहे, पण ती विजेच्या बिलाबद्दल.

ज्यावर हे सगळं चालतं तो प्रोग्रॅम झीब्रश. 1999 साली सिग्राफ या संगणकीय चित्रांच्या मेळाव्यात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला, आणि 2014 साली तो घडवणाऱ्या ओफर अलॉनला ऑस्करवाल्या अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला. हे दोन्ही सन डोकेकर आपल्या मुंजीच्या तारखेसारखे सांगतो. मात्र या प्रोग्रॅमची एक खोड आहे. मातीचा गोळा पडद्यावर ओढल्यावर ‘एडिट’ दाबायचं राहिलं, तर लेखणी जिथे जिथे टेकेल तिथे नवा गोळा उमटतो. पहिल्या रात्री डोकेकराच्या पडद्यावर बुंदीचं ताट झालं होतं. शिवाय उघडल्या उघडल्या तिथली माती लाल मेणाच्या रंगाची असते. आईने पहिलं डोकं पाहिलं आणि विचारलं, “शेंदूर का फासलायस रे?”

आता मात्र तो पारंगत आहे. निदान बोलण्यात. जिन्यात गाठून तो मला शिकवतो.

“काका, सांगा बरं, डोळे कुठे असतात?”

“कपाळाखाली.”

“मध्यावर! टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजा. बरोब्बर मध्यावर.”

घरी जाऊन आरशासमोर फूटपट्टी धरली. पोरगं खरं बोलत होतं. नवशिके डोळे हमखास वर सरकवतात, कारण कपाळ आणि टाळू यांच्यात बघण्यासारखं काही नसतं आणि ज्यात बघण्यासारखं नाही त्याला माणूस जागा देत नाही. डोकेकराकडे असे पुष्कळ नियम आहेत आणि ते सगळे खरे आहेत. समोरून चेहऱ्याची रुंदी साधारण पाच डोळ्यांएवढी. बाजूने पाहिलं तर कान मध्यरेषेच्या मागे, उंचीला भुवई आणि नाकाचं टोक यांच्या दरम्यान. ओठ सपाट भिंतीवर चिकटवलेले नसतात, ते दातांच्या कमानीवरून वळतात, म्हणून तोंडाचे कोपरे मागे जायला हवेत. डोळे कोरायचे नाहीत. आधी डोळ्यांचे दोन गोळे खोबणीत बसवायचे आणि त्यांच्यावरून पापण्या ओढायच्या. आणि सगळ्यांत आधी कवटी. कवटी चुकली तर वरची कातडी कितीही रंगवा, माणूस होत नाही.

त्यासाठी त्याने भिंतीवर उदोंचा सोललेला माणूस लावला होता. झाँ-आंत्वान उदों या फ्रेंच शिल्पकाराने रोममध्ये 1767 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कातडी काढून फक्त स्नायू दाखवणारा पुतळा केला. त्याच्या ओतीव प्रती पुढे जगभरच्या कलाशाळांत पोचल्या. डोकेकराच्या घरातून मात्र तो आठवड्याभरात गेला. आत्या राहायला आली होती आणि देवघराचं दार नेमकं समोर होतं.

नियम पाठ असणं वेगळं, पाळणं वेगळं. झीब्रशमधलं डोकं चौकोनांच्या जाळीचं असतं. सुरुवातीला समजा दीड हजार चौकोन. एक पायरी वर गेलं की प्रत्येक चौकोनाचे चार होतात. पाच पायऱ्या चढलात की 15,36,000. शहाण्याने खालच्या पायरीवर, थोड्या चौकोनांत, जबडा, कपाळ, गालफडं ठरवून घ्यावीत आणि मगच वर चढावं. हे डोकेकर मला तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत समजावतो. आणि रात्री दोन वाजता स्वतः शेवटच्या पायरीवर बसून नाकावरची रंध्रं उमटवतो. रंध्रं अशी, की एकेक मोजून घ्यावीत. जबड्याचा अजून पत्ता नाही. लॅपटॉपचा पंखा इतका घरघरतो की खालच्या मजल्यावरचे लोक मिक्सर चालू आहे असं समजतात.

मी त्याला दोष देत नाही. जबडा ठरवायला निर्णय लागतो, रंध्रांना फक्त वेळ लागतो. कादंबरीचं पहिलं पान लिहायच्या आधी अर्पणपत्रिका सजवून ठेवलेले लेखक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या अर्पणपत्रिका उत्तम असतात.

त्याचा खरा शत्रू म्हणजे कान. इतक्या छोट्या जागेत इतके चढउतार शरीरात दुसरीकडे नाहीत. बाहेरची कड आत वळून कानाच्या भोकाकडे उतरते, आतली घडी वर दोन फाटे फोडते, खाली पाळी लोंबते, आणि हे सगळं मिळून डोक्याला चिकटून न राहता थोडं बाहेर झुकतं. त्यामुळे डोकेकराच्या प्रजेत पागोटंवाले मावळे फार. जटाधारी ऋषीही बरेच. मधल्या काळात एकदम अंतराळवीर वाढले. मग त्याला शोध लागला की तयार कानही मिळतात, नुसते निवडून डोक्यावर बसवायचे. तेव्हापासून ऋषी, मावळे, अंतराळवीर सगळे एकाच जोडीने ऐकतात. जोड नीट बुजत नाही, म्हणून पागोटं कायम आहे.

एकदा त्याचे पेणचे मामा आले. त्यांचा गणपतींचा कारखाना, आयुष्य शाडूत आणि प्लास्टरात गेलेलं. भाच्याने उत्साहाने पडदा दाखवला. इकडच्या गालाला लेखणी लावली की तिकडचा गाल आपोआप होतो, हे पाहून मामा थक्क झाले.

“दोन्ही बाजू एकदम?”

“हो मामा, सिमेट्री.”

“मग मजुरी अर्धीच द्यायला हवी.”

पण मामांची नजर कारागिराची. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. एक, “याला मान कुठाय?” दुसरी, “दिवा दुसरीकडून धर बघू.” पहिलीवर डोकेकर गप्प झाला. दुसरी मात्र नेमक्या जागी लागली. पडद्यावरच्या त्या लाल मेणात उजेड रंगवूनच ठेवलेला असतो. डोकं कितीही फिरवा, झळाळी बघणाऱ्याच्याच सोयीची राहते आणि वाकडेपणा झाकला जातो. भाच्याने साधी राखाडी माती निवडली, उजेड बाजूला नेला, आणि देखणा ऋषी एकदम दाढदुखीने बेजार दिसू लागला. “आणि डोळे आधीच केलेस?” मामा म्हणाले. “आमच्याकडे आखणी शेवटी. तीही सगळ्यांत जाणत्या हाताने.” डोकेकराने यावर सॉफ्टवेअर वेगळं आहे असं काहीतरी सांगितलं.

सिमेट्रीही त्या लाल मेणासारखीच फसवी. खरा चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. एक भुवई किंचित वर, नाक जरासं कुठेतरी कललेलं. म्हणून शेवटी सिमेट्री बंद करून चेहरा थोडा बिघडवायचा असतो. पण त्यासाठी शेवट यावा लागतो. 1970 साली मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने लिहून ठेवलं की माणसाची नक्कल जसजशी खरी होत जाते तसतशी ती आवडू लागते, पण अगदी खरी होण्याच्या जरा आधी एक दरी येते आणि तिथे बघणाऱ्याला शहारे येतात. बाकीचे कलाकार ती दरी ओलांडायला धडपडतात. डोकेकराची डोकी तिथे भाड्याने राहतात.

ओळखीच्या माणसाचं डोकं करणं ही सर्वांत धोक्याची पायरी. त्याने आपल्या काकांच्या साठीला त्यांचा चेहरा करायचं ठरवलं आणि काकांनीच काढलेली सेल्फी समोर ठेवली. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. कॅमेऱ्याला जे जवळ ते मोठं दिसणारच. फोटो काढणारे जाणकार म्हणून तर दोन पावलं मागे सरतात. डोकेकराने नाक इमानदारीने जसंच्या तसं उतरवलं, वर रंध्रं दिली, थ्रीडी प्रिंट काढून घेतली आणि केक कापताना समोर ठेवली. काकांनी ती कपाटात ठेवली आहे, पाठमोरी.

बाकी त्याची सगळी डोकी, अप्सरा धरून, थोडी थोडी त्याच्यासारखीच दिसतात. तीच रुंद हनुवटी, तेच जरा जवळ आलेले डोळे. यात नवल नाही. माणूस दाढी करताना, भांग पाडताना ज्या चेहऱ्याकडे रोज बघतो तो हाताला पाठ होतो. लिओनार्दोनेही चित्रकारांना हा दोष सांभाळायला बजावून ठेवलं आहे. डोकेकराला मी हे सांगितलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं पटलं. मग म्हणाला, “काका, तुमचं गालाचं हाड एकदम क्लीन आहे हो. एक फोटो घेऊ?”

माझं मत विचाराल तर हा पंथ निरुपद्रवी आहे आणि वाढला तरी हरकत नाही. नाक्यावर उभं राहून माणसांकडे बघणाऱ्या पोरांपेक्षा रात्रभर बसून माणसाची कवटी समजून घेणारं पोरगं केव्हाही बरं. फक्त त्याने तुमचा फोटो मागितला तर त्याला चार हात लांब उभं करा, समोरून एक आणि बाजूने एक असे दोन काढायला लावा, आणि मान दिसेल असा सदरा घाला. कान मात्र केसांनी किंवा मफलरने झाकून घ्या, म्हणजे निदान ते तरी दुसऱ्या कुणाचे लागायचे नाहीत.