जावयाने पाहावयाची स्थळे

गोंदिया जिल्ह्यातली पाहण्यासारखी ठिकाणे दोन पद्धतींनी मोजली जातात. वनखाते ती प्रवेशद्वार, तिकीट आणि वेळापत्रक यांवरून मोजते. फुलचुरात ती मोजतात तिथून सगळ्यांत जवळ नात्यातले कोणाचे घर आहे, यावरून. फुलचूर हे गाव गोंदिया शहराला इतके खेटून आहे की शहर कुठे संपले हे दुकानांच्या पाट्यांवरूनच ओळखावे लागते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. सोयरिकी मात्र वेगळ्या झाल्या नाहीत, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीला जिल्ह्याची हद्दही मान्य नाही.

या दोन पद्धतींची टक्कर परदेशातला जावई आल्यावर होते. येथील जावई मूळचा पुण्याचा, सध्या कॅनडातील हॅमिल्टन शहराचा. सासऱ्याला ‘मामाजी’ म्हणायचे हे त्याला लग्नानंतर शिकवण्यात आले. सासरे राइस मिलमधून निवृत्त झालेले मुनीम. सासूबाई स्वयंपाकघरातून बोलतात. भाड्याच्या गाडीचा चालक सालेकसा तालुक्यातला आहे. महिना डिसेंबर, धान घरात आलेले, म्हणजे माणसांना वेळ आहे. धोका नेमका तोच.

जावई : मामाजी, माझ्याकडे आठ दिवस आहेत. मी यादी केली आहे. रोज सकाळी सहाला निघायचं.

सासरे : सहाले? चहा कोन करन?

सासूबाई (आतून) : नुसता चहा कायले? आयते करते ना.

जावई : नको आई, विकतचं कशाला? वाटेत खाऊ.

आतून काही वेळ आवाज आला नाही. आयते हा तांदळाच्या पिठाचा, घरी तव्यावर घातलेला पातळ पदार्थ असून त्यात आयते असे काहीच नसते. पहिल्या दिवशी निघायला साडेनऊ झाले.

यादीत सर्वांत जवळचे नागरा. गोंदियापासून पाच-सहा किलोमीटरवरचे हे गाव तिथल्या जुन्या शिवमंदिरासाठी ओळखले जाते आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी होते. मंदिर पाहायला अर्धा तास पुरतो.

जावई : झालं की पाहून. आता पुढं तलावावर जाऊ.

सासरे : माझी मोठी साळी इथंच रायते. देऊळ पायलं अन् तिले नाई पायलं, असं कसं?

जावई : येताना जाऊ ना.

सासरे : देऊळ रुसत नाई जवाईबापू. साळी रुसते.

साळीकडे जेवण झाले. मग पानसुपारी झाली, मग मुलीच्या लग्नातला अल्बम पाहून झाला. वनखात्याच्या पद्धतीने पहिल्या दिवशी एक स्थळ झाले, फुलचूरच्या पद्धतीनेही एकच.

दुसरा दिवस सारस पक्ष्याचा. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. उभा राहिला की जवळजवळ सहा फूट भरतो. महाराष्ट्रात तो मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजक्या संख्येने. परसवाडा, झिलमिली या तलावांवर तो दिसतो. झिलमिलीच्या शेजारीच बिरसीचा विमानतळ आहे, ज्याची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. सारस धानाच्या बांधीत घरटे करतो आणि दरवर्षी उन्हाळा सरताना त्याची गणना होते. घरटे असलेली बांधी सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना इथे सारसमित्र म्हणतात.

जावई : अहो, जोडी! आणि केवढी उंच! मामाजी, तुम्ही आधी पाहिली असेल.

सासरे : आमच्या साडभावाच्या बांधीत एका जोडीनं घर केलं होतं. त्यानं तेवढ्या जागेत कापनीच नाई केली. भाडं नाई, डिपाझिट नाई. पोरं उडाले तवा गेले.

जावई : वा! कुठे आहे ती बांधी? आपण जाऊ.

गाडीवाला (हळूच) : साहेब, साडभावाचं घर पन तिथंच आहे.

तिसऱ्या दिवसाच्या हाजरा फॉलसाठी जावयाची तयारी दांडगी होती. हा धबधबा सालेकसा तालुक्यात, मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या दरेकसा स्थानकाजवळ, बोगद्याच्या परिसरात आहे. हॅमिल्टनचा माणूस धबधब्याला सहजी भुलत नाही. पावणेसहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात शंभरावर धबधबे आहेत आणि शहर स्वतःला धबधब्यांची राजधानी म्हणवते. नायगाराचा कडा गावातूनच जातो, म्हणून ही चैन.

जावई : आमच्याकडे वेबस्टर फॉल्स आहेत. पानं रंगतात त्या दिवसांत तिथं आधी वेळ राखून ठेवावी लागते. ऑनलाइन.

सासरे : काऊन? पानी टायमावर पडते का?

जावई : नाही, गर्दी होते म्हणून. गाडी लावायचे पैसे वेगळे. आणि तिथून ब्रूस ट्रेल जाते, जवळजवळ ९०० किलोमीटरची पायवाट.

सासरे : नऊशे किलोमीटर पायी? त्या रूटले बस नाई दिली का सरकारनं?

हाजऱ्याला पोचल्यावर कड्यावरून पाण्याची एक बारीक धार उतरताना दिसली.

जावई : फोटोत फार मोठा होता.

सासरे : पानी पावसायाचं असते ना बाप्पा. तुमी सुट्टी नाताळाची घेता.

पाणी कमी असले तरी धबधब्याजवळ झिपलाइन आणि इतर साहसी खेळ आहेत. गावातली पोरेच ते चालवतात आणि चांगले चालवतात. जावयाने पट्टे बांधून घेतले व तारेवरून दरी ओलांडली. सासरे खालून पाहत होते.

सासरे : याचे पैसे त्यायनं तुमाले देल्ले का तुमी त्यायले?

जावई : मी दिले.

सासरे : मिलमधी पोते असेच जात होते एका टोकाहून दुसऱ्या टोकाले. पोत्याले कधी पैसे मागितले नाई.

त्याच तालुक्यात धनेगावजवळ कचारगडच्या गुहा आहेत. जावयाच्या यादीत त्यापुढे ‘ट्रेक, मध्यम अवघड’ असे लिहिले होते. गाडीवाल्याने ते वाचले आणि गाडी कडेला घेतली.

गाडीवाला : साहेब, हे खोडा. तिथं आमचं ठाना आहे. माघी पुनवेले देशभरातून गोंड मानसं येतात. ट्रेक नाई, दर्शन आहे.

जावई : माफ करा, मला माहीत नव्हतं. काय कथा आहे तिथली?

गोंडी परंपरेनुसार कली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढून कोया पुनेमची शिकवण दिली. समाजाची विभागणीही त्या परंपरेतच सांगितली जाते : कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा वा सात देवांचे. देवांची संख्या सारखी असेल तर ती कुळे भाऊभाऊ ठरतात आणि त्यांच्यात लग्न होत नाही. आठ दिवसांत सासऱ्यांनी कान देऊन ऐकलेली माहिती एवढीच.

सासरे : म्हनजे सहा देववाल्याची सोयरीक सहा देववाल्याशी नाई?

गाडीवाला : नाई. ते घरचेच.

सासरे : पाय कसं बरोबर आहे. लिहून घ्या जवाईबापू. बाकी दगडं-पानी लिहिता, हे लिहा.

गुहा प्रशस्त आहे, वरच्या छिद्रातून उजेड खाली येतो. जावई जोडे काढून आत गेला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. त्याने त्या दिवशी फोटो कमी काढले.

नागझिरा हे यादीतले मुख्य स्थळ. १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे जंगल २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. मराठी वाचकाला ते त्याच्याही आधी पुस्तकातून भेटलेले असते. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिले, आणि पुढे किरण पुरंदरे यांनी त्याच रानात चारशे दिवस काढून ‘सखा नागझिरा’. चारशे दिवस जंगलात राहता येते आणि आठ दिवस सासरी राहवत नाही, यावरून पाहुणचाराची तीव्रता लक्षात यावी.

जावई : मामाजी, जंगलात तरी आपलं कोणी नाही ना?

सासरे : छे! जंगलात कोन राईन?

जावई : मग पहाटे थेट पिटेझरी गेट.

सासरे : हो. रस्ता साकोलीहून जाते.

जावई : साकोलीत कोण आहे?

सासरे : तुमी विचारलं म्हनून सांगतो, आमचा मावसभाऊ.

सकाळची फेरी साकोलीच्या पोह्यांत बुडाली. दुपारच्या फेरीत गवे दिसले, चितळ दिसले, अस्वलाने उकरलेले वारूळ दिसले. वाघाच्या पायाचे ठसे दिसले, वाघ नाही. गाडीवाल्याने ती उणीव गोष्टीने भरून काढली.

गाडीवाला : जय नावाचा वाघ इथलाच. २०१३ मधी निघाला, शंभराच्या आसपास किलोमीटर चालला अन् उमरेड-कऱ्हांडल्यात जाऊन बसला.

सासरे : घरजवाई झाला.

गाडीवाला : तिकडं लय नाव केलं. लोकं दुरून पायले येत होते. २०१६ मधी गायब झाला, तो अजून नाई भेटला.

सासरे (जावयाकडे पाहत) : बाहेरगावी गेलेल्याचं असंच रायते. आठवड्यातून दोनदा फोन करत जा.

नवेगावबांधला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तलावच तलाव दिसतात.

जावई : हा कोणता तलाव?

गाडीवाला : मामा तलाव.

जावई : आणि तो पलीकडचा?

गाडीवाला : तोही मामा तलावच.

जावई : कोणाचे मामा? जेवायला नका थांबवू हो, सकाळपासून दोनदा झालंय.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या अमलात बांधलेले हजारो तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. सरकारी कागदावर ‘मा. मा.’ झाले आणि लोकांच्या तोंडी मामा. त्यांतला बांधकामाचा मोठा वाटा कोहळी समाजाचा. धानाला पाणी कुठून द्यायचे, उतार कुठे अडवायचा, हे ज्ञान त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले. नवेगावबांधचा मोठा तलावही अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. तो सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरला आहे. भोवतीच्या रानाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. वनाधिकारी असलेले मारुती चितमपल्ली इथे बरीच वर्षे होते आणि त्यांच्या लेखनातून हे पाणी आणि त्यावरचे पक्षी महाराष्ट्रभर पोचले. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके येतात, तेव्हा दुर्बीण घेऊन काठावर बसणे हे इथले सर्वांत सोपे मैदानी काम आहे.

जावई : ते समोरचे डोंगर?

गाडीवाला : त्यायले सात बहिनी म्हनतात.

जावयाने वहीत लिहिले : सात बहिणी, म्हणजे सात जेवणे.

तिथून पुढे गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, प्रतापगडच्या डोंगरावरचा महादेव व दर्गा, आणि गोठणगावजवळची तिबेटी वसाहत अशी एका दिवसाची वाट आहे. वसाहत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. प्रार्थनेच्या पताका धानाच्या शिवारावर फडफडताना पाहणे ही या वाटेवरची सर्वांत अनपेक्षित गोष्ट.

जावई : वसाहतीत माणसं कमी दिसतात.

सासरे : हिवाळा आहे ना. सारे स्वेटर विकाले शहरात गेले असतीन. मी दरवर्षी एक घेतो. यायले ओळखतो मी, पन पायतो आज पयल्यांदा.

जावई : तुम्ही इथे कधीच आला नव्हता?

सासरे : इथं आपलं कोनीच नाई. येऊ कायले?

हीच स्थिती हाजऱ्याची होती, कचारगडची होती आणि नागझिऱ्याच्या आतल्या भागाचीही. पन्नास वर्षे जिल्ह्यात काढलेल्या माणसाने यादीतली निम्मी स्थळे जावयाच्या गाडीतून पहिल्यांदा पाहिली. उरलेली त्याने वराती, बारसे आणि तेरवीच्या निमित्ताने ओझरती पाहिली होती.

शेवटी राहते मंडई. ती कुठल्याही खात्याच्या पाटीवर नसते. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीतले एकेक गाव आपापला दिवस धरून मंडई भरवते. दिवसा दुकाने, पाळणे, दंडार, रात्री नाटक. नाटक कंपन्यांचा मोठा बाजार शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा येथे भरतो आणि हंगाम थेट होळीपर्यंत चालतो. गावोगावचे नातलग मंडईच्या निमित्ताने एकत्र येतात, मुलगा-मुलगी पाहणेही त्यातच उरकते.

जावई : म्हणजे सगळे तिथेच भेटतील? नागऱ्याच्या मावशी, साडभाऊ, साकोलीचे काका?

सासरे : सारे.

जावई : एकाच रात्रीत! हे पहिल्या दिवशी केलं असतं तर बाकीचे सात दिवस मोकळे मिळाले असते.

सासूबाई (आतून) : मंडईत भेटले म्हनून घरी नाई गेले, तर लोकं काय म्हनतीन?

जावई : नाटक किती वाजता आहे?

गाडीवाला : हँडबिलावर दहा लिहिलं आहे. पडदा बाराले उघडन. सकाळी सहाले संपन.

जावई : सहाला! म्हणजे आठव्या दिवशी तरी सहाला निघायचं जमलं.

सासरे : निघून जाता कुठं? साकोलीवाल्यानं न्याहारीले बोलावलं आहे.