सन्माननीय सदस्यांसाठी एक गणवेश

विधिमंडळात शुक्रवारी अशासकीय कामकाज असते. म्हणजे सरकारने न आणलेली, सदस्यांनी स्वतःच्या हौसेने आणलेली विधेयके आणि ठराव. मंत्री ‘शासन सकारात्मक आहे’ असे सांगतात, सदस्य विधेयक मागे घेतात आणि मंडळी गावाकडची गाडी पकडतात. अशा एखाद्या शुक्रवारसाठी मीही एक विधेयक लिहून ठेवले आहे. मांडायला आमदार मिळत नाही. कारण विधेयक आमदारांच्याच कल्याणाचे आहे आणि त्या विषयात त्यांना बाहेरच्यांची मदत लागत नाही.

तत्त्व साधे आहे. शाळकरी पोरांच्या भल्यासाठी निघालेली प्रत्येक योजना आधी वर्षभर सभागृहात राबवायची, मग वाडीवस्तीवर न्यायची. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८, म्हणजे ३६६ जणांचा पट. प्रयोगाला याहून सोयीची शाळा राज्यात मिळणार नाही. इमारत पक्की, पंखे चालू, शौचालयात पाणी.

सुरुवात गणवेशापासून. ‘एक राज्य, एक गणवेश’ ही घोषणा २०२३ ची. त्याआधी पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे यायचे आणि समिती जवळच्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यायची. या पद्धतीत दोष एवढाच होता की कपडे अंगाला बसत. २०२४-२५ साठी मग कापडाची खरेदी राज्यपातळीवर गेली. नेहमीचा गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांनी शिवायचा; स्काउट-गाइडचे नुसते कापड शाळेत टाकायचे आणि शिलाईला ११० रुपये द्यायचे. एवढ्या पैशात शर्ट-पँट शिवून देणारा शिंपी शोधण्याचे काम अर्थातच गुरुजींकडे. जूनमध्ये शाळा उघडल्या, स्वातंत्र्यदिन आला, तरी कित्येक शाळांतली पोरे जुन्याच कपड्यांत झेंड्यापुढे उभी होती. पुढे कपडे आले, तेव्हा सहावीतल्याला तिसरीचा सदरा आणि तिसरीतल्याला आठवीची विजार. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा शाळा समितीकडे गेले. योजना मंत्रालय फिरून आली आणि ज्या शिंप्याच्या दुकानातून निघाली होती, तिथेच टेकली.

तेव्हा माझ्या विधेयकानुसार सर्व सदस्यांना फिकट निळा सदरा आणि गडद निळी विजार. माप एकच, सर्वपक्षीय. कापड अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी निघेल आणि नागपूरला पोचेपर्यंत अधिवेशन संपलेले असेल. गणवेश सगळ्यांना सारखाच असल्यामुळे पक्ष बदलला तरी कपडे बदलावे लागणार नाहीत. ही बचत वित्त विभागाने जरूर ध्यानात घ्यावी.

पाठ्यपुस्तकांत कोरी पाने घालण्याची योजनाही २०२३ चीच. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून वहीची पाने पुस्तकातच शिवली. पोरांनी जाडजूड पुस्तकही नेले आणि वहीही नेली. जानेवारी २०२५ मध्ये ती पाने रद्द झाली. पहिलीपासून हिंदीचा निर्णय १६ एप्रिल २०२५ ला निघाला, १७ जूनला दुरुस्त झाला आणि २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही शासन निर्णय मागे. पोरांना वजाबाकी येत नाही अशी ओरड दरवर्षी होते. शालेय शिक्षण विभागाची मात्र ती पक्की झाली आहे. सभागृहासाठी कोऱ्या पानांची वेगळी तरतूद मी केलेली नाही. ‘प्रश्न उद्भवत नाही’ या उत्तराखाली पुरेशी मोकळी जागा आधीपासूनच असते.

खरा कस जेवणाच्या ताटात लागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने ठरवले की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे, जो अंडे खात नाही त्याला केळे. निर्णय चांगला होता. त्यामुळेच तो टिकेल का अशी शंका होती. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला. अंडा पुलाव द्यायचा असेल तर लोकसहभागातून द्या आणि नाचणी सत्त्वात साखर घालायची असेल तर तीही लोकसहभागातून आणा, असे शाळा समित्यांना कळवण्यात आले. आता लोक म्हणजे कोण? तर ज्यांची पोरे त्या शाळेत जेवतात तेच. ज्यांच्याकडे अंड्याला पैसे नाहीत म्हणून सरकार अंडे देणार होते, त्यांनी आता सरकारतर्फे अंडे द्यायचे आहे. हे सगळे शिजवणारी स्वयंपाकी-मदतनीस बाई महिन्याला २,५०० रुपये मानधनावर उभी असते. आधी शिक्षकांनी चव घ्यायची, चव नोंदवहीत लिहायचे आणि मगच पंगत बसवायची, हा नियम.

आता दुसरे ताट पाहा. जुलै २०२५, अधिवेशन चालू, मुंबईतले आकाशवाणी आमदार निवास. डाळ खराब निघाली म्हणून एका सन्माननीय सदस्याने उपाहारगृहातल्या कामगाराला बुकलले. चित्रफीत राज्यभर फिरली. लोक मारहाणीवर बोलत राहिले आणि त्यातला खरा चमत्कार कुणाच्या लक्षातच आला नाही. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी ताबडतोब आले, नमुने घेतले, परवाना निलंबित केला. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे. अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नाही तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची सोय त्यात आहे. दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीपुढे ताटकळणाऱ्यांनी तो वाचून काढावा. पण इतकी देखणी, तडकाफडकी आणि अर्जाविना मिळालेली सेवा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

म्हणून विधेयकात असे कलम आहे की विधानभवन आणि आमदार निवास इथले अंडे यापुढे लोकसहभागातून मिळेल. सदस्याने मतदारसंघात वर्गणी काढावी. जमली नाही तर केळे खावे. केळ्याचा निधी स्वतंत्रपणे कळवला जाईल. डाळीची चव जेवणाआधी विरोधी पक्षनेत्यांनी घ्यावी आणि नोंदवहीत सही करावी. ते पद रिकामे असेल तर पंगत थांबेल.

मुख्यालयी राहण्याचा विषय थोडा नाजूक आहे. गुरुजी शाळेच्या गावी राहत नाहीत आणि घरभाडे मात्र घेतात, यावर २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात मोठे वादळ उठले. गुरुजी खरेच गावात राहतात असा ग्रामसभेचा ठराव आणण्याची अट २०१९ पासून होतीच. वादळानंतर वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचेही ठरले, उपक्रमाचे नाव ‘आपले गुरुजी’. त्याच वर्षी मार्चमध्ये आमदारांसाठी मुंबईत गोरेगावला ३०० घरे जाहीर झाली होती. ओरड झाल्यावर ती फुकट नाहीत असा खुलासा आला. म्हणजे गुरुजींनी गावात राहावे आणि गावच्या आमदाराने गोरेगावात. माझी सूचना माफक आहे. भत्ता उचलण्यापूर्वी आमदाराने मतदारसंघातल्या एका तरी ग्रामसभेचा ठराव जोडावा की हे गृहस्थ आमच्या गावात दिसतात. फोटोची अट मी गाळली आहे, कारण ती एकच अट सन्माननीय सदस्यांनी चौकाचौकांत, वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट, आगाऊ पूर्ण केलेली आहे.

लाडक्या बहिणीचा विषय विधेयकात घेतलेला नाही. १,५०० चे २,१०० कधी होणार हे विचारणे निवडणुकीनंतर शिष्टाचारात बसत नाही. तिथे पैसे आधी गेले, निवडणूक झाली आणि पात्रतेची पडताळणी त्यानंतर जोरात सुरू झाली. आमदारांच्या बाबतीत हा क्रम मतदारांनी केव्हापासून पाळलेला आहे.

पटसंख्येचे कलम मात्र सोडणार नाही. २० किंवा त्याहून कमी पोरांच्या शाळा राज्यात चौदा हजारांवर आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असे २०२३ पासून चालले आहे. विधानसभेची गणपूर्ती आहे एकदशांशाची, म्हणजे २८८ मध्ये २९ डोकी. तेवढी बाकावर असली की लाखो कोटींच्या अर्थसंकल्पावरची चर्चा कायदेशीर. सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीवर १८ पैकी १८ पोरे हजर असली, तरी ती शाळा परवडत नाही. एकच निकष दोघांना लावा. दिवेलागणीनंतर बाके मोजावीत आणि ज्या दिवशी पट भरणार नाही, त्या दिवशी सभागृह शेजारच्या राज्यात विलीन करावे. जायला-यायला बस देऊ.

सगळ्याच आमदारांना एका मापात शिवू नये हेही खरे. वि. स. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, त्यांनी आपली कल्पना आधी करून पाहिली: जो काम मागेल त्याला काम. मग योजना आली, दुष्काळात तावून निघाली, आणि तिचा खर्च शहरातल्या नोकरदारांनी उचलावा म्हणून व्यवसाय कर लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २००५ मध्ये देशाने त्याच वाटेने आपला कायदा केला. व्यवसाय कर तुमच्या-आमच्या पगारातून अजून कापला जातो, वर्षाला २,५०० पर्यंत. म्हणजे आधी एका तालुक्यात करून पाहायचे आणि मग राज्यभर लावायचे, ही रीत याच सभागृहाची आहे. माझे विधेयक नवीन काही मागत नाही.

मसुदा तयार आहे. कुणाही सदस्याने न्यावा, नाव स्वतःचे घालावे. चर्चेला वेळ नसेल तरी अडचण नाही. आमदारांचा पगार वाढवून सचिवांच्या पंक्तीला नेणारे आणि माजी आमदारांचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजार करणारे विधेयक ऑगस्ट २०१६ मध्ये याच विधिमंडळाने चर्चेविना मंजूर केले होते.